पेटीतला हट्टी कागद

कलमांना मोहोर आला की आमच्या घरात पहिली शिंक येते ती प्रिंटरला. वर्षभर फडक्याखाली झोपलेलं ते यंत्र पौषात उघडलं की आधी खोकतं, मग एक कागद अर्धा गिळून रुसून बसतं. बाहेर मोहोराचा आंबूस-गोड, डोकं धरणारा वास. त्यात कुणाच्या तरी फवारणीचा उग्र दर्प आणि खाडीवरून येणारं खारं वारं. मिठबावात या दिवसांत प्रत्येक जण वर बघत चालतो. मोहोर किती धरला, तुडतुड्याची कीड पडली काय, ढग कुठून येतोय. मी एकटाच मान खाली घालून गुडघ्यावरच्या लॅपटॉपकडे बघत असतो. त्यामुळे गावाचं माझ्याबद्दल फारसं बरं मत नाही. मोहोराचंही नसावं.

पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहून मी गावी परत आलो, तेव्हा लोकांनी साधा प्रश्न विचारला, की तू नेमकं करतोस काय. मी सांगायचो, वेबसाइटची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये मजकूर मांडतो आणि माझं ॲप त्याची पीडीएफ काढून देतं. समोरचा जरा विचार करून म्हणायचा, म्हणजे झेरॉक्स. मी म्हणायचो, छे, झेरॉक्स नव्हे. मग काय, असं त्याने विचारलं की मी सविस्तर समजावायला बसायचो, आणि शेवटी दोघंही दमून झेरॉक्सवरच येऊन थांबायचो.

पण एका मोसमात या झेरॉक्सवाल्यावाचून एका बागेचं अडलं होतं. मोहोराचा वास नाकात गेला की मला तो मोसम आठवतो, आणि आठवला की अजूनही मूठ वळते.

बाग शालनकाकीची. नात्याने ती माझी कुणी नाही. तिचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आमच्या गडग्याला लागून आहे, एवढंच. काका गेल्यापासून कलमं तीच बघते. फवारणीचा पाइप तिच्या हातात, माकडांना हाकलणं तिच्या तोंडात. दोन्हींचा मारा लांबवर जातो. तिचा आंबा वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. त्याला आपण शेठ म्हणू. शेठचा टेम्पो यायचा, पेट्या उचलून न्यायचा. पेटीच्या झाकणावर शेठचा रंगीत छाप आणि आंब्याच्या झाडाखाली पांढऱ्या सदऱ्यात हसत उभ्या असलेल्या शेठचा फोटो.

आदल्या वर्षी काकी भाचीकडे पुण्याला गेली होती. भाचीने मावशीच्या कौतुकासाठी दुकानातली भारीतली पेटी आणली. काकीने झाकण काढलं, पेंढा बाजूला केला, तळाशी हात घातला आणि तिच्या बोटांना सुरंगीचं वाळलेलं फूल लागलं. आमच्याकडे चैत्राच्या सुमारास बायका सुरंगीचे वळेसर केसांत माळतात. त्या ओवलेल्या फुलांतली थोडी राखून काकी प्रत्येक पेटीच्या तळाला एक फूल घालते. का घालते ते तिला सांगता येत नाही. तिची सासू घालायची म्हणून ती घालते. म्हणजे पुण्याच्या त्या दिवाणखान्यात, सोफ्यावर बसून, तिने स्वतःचा आंबा ओळखला. झाकणावर मात्र परका माणूस हसत होता, आणि भाची म्हणत होती, बघ मावशी, याच्या बागेतला आंबा एक नंबर असतो.

परत आल्यावर पिशवी घरात न ठेवता ती आधी माझ्या ओसरीवर आली.

"बाबल्या, तुझ्या त्या झेरॉक्सात माझा नाव येतला?"

मी विचारलं, कशावर.

"पेटयेत. दर पेटयेत एक कार्ड. माझा नाव, बागेचा नाव, गावाचा नाव. तो हसता तसो फोटो माका नको."

मागणी एवढीच होती. आपल्या आंब्याबरोबर आपलं नाव जावं. यात एवढं काय आहे, असं मला वाटलं आणि मी हो म्हटलं. आयुष्यातले माझे बहुतेक अपघात याच वाक्याने सुरू झालेले आहेत.

पुण्यातल्या मित्रांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, यासाठी ॲप कशाला लिहितोस, वेबसाइटवर मजकूर टाक, फुकटात पीडीएफ मिळते. मला राग आला. काकीच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या त्या झोपडीवजा खोलीत, रेंज येते ती छपराच्या वाशाला लटकलं तर. आणि येत असती तरी काकीच्या बागेचा हिशेब कुठल्या लांबच्या यंत्रातून कशाला फिरवून आणायचा? मी ठरवलं, संगणकावरच चालणारं ॲप करायचं. नेट नको, कुणाचं लॉगिन नको, महिन्याची वर्गणी नको. काकी संध्याकाळी काढणीची माहिती सांगेल, मी भरेन, बटण दाबेन, कार्डं बाहेर. काढणी कधीची, आंबा साधारण कधी खायचा, आणि वर ठळक अक्षरांत नाव. गावभर मी हे छाती फुगवून सांगितलं.

या निमित्ताने एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. एचटीएमएल फार भिडस्त असतं. मोठा पडदा असला की पसरतं, फोनवर गेलं की अंग चोरून बसतं, खिडकी लहान केली की ओळी मोडून घेतं, समोरच्याकडे अक्षर नसलं तर मिळेल ते अक्षर घालतं. कुणाला नाही म्हणत नाही. पीडीएफ तसली नव्हे. एकदा ठरलं की ठरलं. मालवणात उघडा, पुण्यात उघडा, ओळ जिथे मोडली तिथेच मोडणार, नाव जिथे आहे तिथेच राहणार. तुमचा पडदा लहान असेल तर तो तुमचा प्रश्न. मी नोकरीत सगळा जन्म एचटीएमएलसारखा काढला. साहेब बदलला की मी माझी रुंदी बदलायचो. शालनकाकी जन्मतःच पीडीएफ होती. तिला काही रूपांतर वगैरे करावं लागलं नाही.

पहिली कार्डं मी घरी काढली तेव्हा पडद्यावर सगळं सुंदर दिसत होतं. कडेला हिरवी वेलबुट्टी, मधे निळ्या अक्षरांत नाव. पण पडद्यावरचं पान समुद्रासारखं असतं, खाली खाली सरकत जातं, त्याला काठ नसतो. कागदाला असतो. ही चौकट मधे तोडू नकोस, असं पानाला सांगून ठेवावं लागतं, ते मी विसरलो. छापून आलं तेव्हा प्रत्येक कागदाच्या तळाला काकीचं कपाळापर्यंतचं नाव आणि पुढच्या कागदाच्या डोक्यावर उरलेलं धड. काकीने दोन्ही कागद हातात घेऊन जुळवून बघितले आणि म्हणाली, माका जिवंतपणी आडवी चिरलंस मां.

ते दुरुस्त केलं. मग काढणी सुरू झाली आणि मी लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन मांगरात गेलो.

तो मांगर माझ्या नाकात अजून आहे. भाताचा नवा पेंढा, देठातून गळलेल्या चिकाचा तिखट वास, शेणाने सारवलेली गार जमीन. गडी लांब काठीच्या घळीने एकेक फळ देठासकट उतरवत होते, ते पाटीत येत होतं, पाटीतून काकीच्या हातात. काकी फळ कानाशी नेल्यासारखं करून बाजूला ठेवायची. ऐकत नसे, पण तसं करायची. मी सगळ्यांना जवळ बोलावलं, म्हटलं, बघा, इथे रेंज नाही, तरी काम होणार. आणि बटण दाबलं.

कागदावर नावाच्या जागी रिकामे चौकोन आले. ओळीने, एकसारखे, नीटस. गावाच्या जागी चौकोन, बागेच्या जागी चौकोन.

झालं असं होतं की अक्षरांचा जो देखणा फॉन्ट मी निवडला होता, तो ॲप दर वेळी गुपचूप नेटवरून आणत होतं. घरी नेट होतं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. मांगरात ते आणायला गेलं, कुणी भेटलं नाही, आणि त्या जुन्या लॅपटॉपवर देवनागरीचा दुसरा फॉन्टही नव्हता. नेटशिवाय चालणाऱ्या ॲपचा मी गावभर डंका पिटला होता, आणि त्याचा जीव नेटमध्ये होता.

काकीने कागद उजेडाकडे धरला. "पेटयो बऱ्यो काढलंस रे," ती म्हणाली. "आता हेच्यात आंबे कोण भरतलो?"

गडी इतके हसले की एकाच्या हातातली घळ खाली पडली. दशावतारात राजाला मुकुट चढवायच्या आधीच कुणी पडद्याबाहेर ढकलावं, तसा मी त्या मांगरात उभा होतो. तिथून उठलो आणि, घरच्या ओसरीवर गावाची थट्टा नको म्हणून, लाजत, आचऱ्यावरून थेट मालवण गाठलं. तिथे माझ्या शाळेतल्या दोस्ताचं, पेद्रूचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, चर्चच्या फेस्ताची, म्हणजे सणाची, पत्रकं. तिथल्या नेटवर बसून मी फॉन्ट उतरवून घेतला आणि ॲपच्या पोटातच बांधून टाकला, पुन्हा कुठे भटकायला जायची सोय ठेवली नाही. पेद्रू काउंटरवर कोपर टेकून सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "बाबल, माका एक सांग, पुण्यात तुका पगार कित्याचो देयत?"

दुसऱ्या दिवशी कार्डं नीट निघाली. पहिल्या टेम्पोतून गेली आणि दोनच दिवसांत शेठचा फोन आला. काकीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शेठ आवाज न चढवता बोलत होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. म्हणाला, काकी, तुम्ही पेटीत फुलं टाकता, मी इतकी वर्षं काही बोललो नाही. आता कागद. गिऱ्हाईक माझ्या नावावर आंबा घेतं. पुन्हा कागद निघाला तर माझा टेम्पो तुमच्या बागेत येणार नाही.

"शेठ, तुमचा नाव झाकणावर आसा, माझा आत," काकी म्हणाली. "तुमका आत बघूक कोणी सांगल्यान?"

शेठने फोन ठेवला. मी तिला म्हटलं, काकी, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी विचार करून करू. माझ्यातलं भिडस्त पान लगेच अंग चोरायला लागलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि संध्याकाळची काढणी सांगायला सुरुवात केली, म्हणजे मी भरत जावं.

पुढच्या खेपेला टेम्पो आला. ड्रायव्हर ओळखीचा, काकीच्या हातचा चहा पिणारा. पण त्याला हुकूम होता, की झाकणं उघडायची आणि कार्डं काढून टाकायची. तो बिचारा जमिनीकडे बघत बोलत होता. काकीने पेटीवर हात ठेवला.

"कार्ड काढतलंस तर आंबेय काढ. रिकामी पेटी घेवन जा. तिच्यार शेठचो फोटो आसा, तोच विकूंदे."

टेम्पो रिकामा परत गेला. वळणावर त्याचा धुरळा बराच वेळ हवेत राहिला, आणि आम्ही सगळे त्या धुरळ्याकडे बघत राहिलो. मागे मांगरभर भरलेल्या पेट्या. आंबा काही आमच्या भांडणासाठी थांबत नाही. उन्हाने छप्पर तापलं होतं आणि पेंढ्यातून गोडूस वास वर यायला लागला होता. एरवी तो वास किती हवासा. त्या दुपारी तो वाढत गेला तसा मी पुन्हा पुन्हा पेट्या मोजत राहिलो. सबंध मोसमाचा घास तिथे पिकत होता आणि उचलायला कुणी नव्हतं.

काकी घरात गेली आणि नारळ घेऊन आली. मांगराच्या कोपऱ्यात बागेच्या राखणदाराचा दगड आहे, तिथे तिने तो ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, माझा लॅपटॉपही उचलून शेजारी ठेवला. आमच्याकडे काही मोठं करायचं, किंवा मोठं अडलेलं असलं, की गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मोठ्याने म्हणायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. हा मान सहसा गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचा. त्या दिवशी काकीने कुणाची वाट बघितली नाही.

"बा म्हाराजा, ह्या भरडीच्या, ह्या बागेच्या राखणदारा, आज आम्ही शेठीक नाय म्हटलां."

"व्हय म्हाराजा," गडी म्हणाले.

"ज्याचा नाव तेका लखलाभ होवंदे, आमचा आमका मेळांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या बाबल्याच्या यंत्रात आनी काय बिघाड रवलो आसात, तर तो बाजूक कर रे म्हाराजा."

या वेळचा हुंकार सगळ्यांत मोठा होता. त्यात माझाही आवाज होता.

मग मी ते केलं जे नोकरीत कधी केलं नव्हतं. जुन्या ऑफिसातल्या एकेकाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता म्हटलं, आंबे आहेत, घे. ज्या साहेबापुढे मी पगारवाढीचा विषय कधी काढू शकलो नाही, त्याला दोन पेट्या घ्यायला लावल्या. देवगडहून पुण्याला जाणाऱ्या खासगी बसच्या पोटात पेट्या घातल्या. झाकणावरचा फोटो काकीने पेंढ्याच्या दोरीने असा बांधला की शेठच्या चेहऱ्यावर फुली यावी. तळाला सुरंगी, वर आंबे, त्यांच्यावर कार्ड. मला वाटलं, जिंकलो.

चार-पाच दिवसांनी त्याच साहेबाचा फोन आला. आवाज गार. म्हणाला, आंब्यावर काहीतरी छापलंय. त्याने फोटो पाठवला. पिवळ्याधमक आंब्याच्या गालावर निळसर, उलटी, आरशात बघावी तशी अक्षरं उमटली होती. शालन. बाजूला हिरवी वेलबुट्टी.

सोपं होतं. अढीत आंबा पिकताना ऊब धरतो, घामेजतो. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, मलाही होतं. पण माझा प्रिंटर शाईचे थेंब उडवणारा, पाण्याने विरघळणारा, आणि ते कार्ड मी फळांच्या थेट अंगावर ठेवलं होतं. मी आंब्याच्या गावात जन्मलो आणि आंब्याला घाम येतो हे विसरलो. साहेबाची मी माफी मागायला लागलो, परत पाठवा म्हटलं, दुसरी पेटी देतो म्हटलं. काकीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"साल तुमी खायत नाय मां? मग सोलून टाका. आंबो कसो आसा तां आधी सांगा."

 मग साहेबाने कबूल केलं, की आंबा फार चांगला आहे. "मगे," काकी म्हणाली, आणि फोन मला परत दिला. त्या साहेबाने आठवड्याने आणखी पेट्या मागवल्या. निरोपात लिहिलं होतं, शक्य असल्यास छपाईशिवाय.

त्या दिवसापासून वेलबुट्टी गेली, निळा गेला. नुसतं काळं अक्षर, पेद्रूच्या लेझर मशीनवर छापलेलं, झाकणाला आतून डकवलेलं. ओल्या बोटाने घासा, हलत नाही. फेस्ताच्या गर्दीत पेद्रूने चर्चची पत्रकं थोपवून आमची कार्डं आधी काढली आणि फादरनी विचारलं तर त्यांना पेटी दाखवली. मोसम संपला तेव्हा मांगरात एकही पेटी उरली नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाला काकीने जमीन झाडली, उरलेला पेंढा गुरांना घातला, आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा देवघरात नेऊन ठेवला. मला बरं वाटलं. शेंदूर लावला नाही, एवढंच.

आता काही मोसम लोटलेत. आजूबाजूच्या बागाही आता माझ्या ॲपमध्ये आहेत. प्रत्येकाच्या कार्डावर त्याचं नाव आणि त्याच्या बागेचं नाव. बागांना इतकी सुंदर नावं असतात हे मला कार्डं करू लागेपर्यंत माहीत नव्हतं. कुणाची वडाखालची, कुणाची घाटली, कुणाची नुसतीच आयेची. मोहोर फुटला की लोक यायला लागतात, वर बघत बघतच माझ्या ओसरीवर चढतात.

यंदा मोहोर बरा आहे. परवा नमुन्याची कार्डं काढायला प्रिंटर साफ करत असताना फोन वाजला. शेठ. तोच न चढणारा आवाज. म्हणाला, झालं गेलं विसरू. आता गिऱ्हाईकच विचारतं, आंबा कुणाच्या बागेतला. काकीच्या आणि बाकीच्यांच्या सगळ्या पेट्या तो उचलणार, कार्डासकट. फक्त त्याच्या स्वतःच्या पेट्यांसाठीही मी तसलीच कार्डं काढून द्यायची, वर त्याचं नाव घालून. तो आंबा कुठून कुठून गोळा केलेला, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही.

शेजारी काकी बसली होती, आली होती मोहोराचं सांगायला. मी फोन मोठ्यानेच लावला होता. ती माझ्याकडे बघत बसली, रुंदी बदलतोय काय ते.

मी लॅपटॉप उघडला, शेठचं नाव टाकलं, आणि विचारलं, "बागेचं नाव काय घालू?"

"ते काहीही घाला."

"काहीही म्हणजे?"

"अहो, मग रिकामं सोडा. एवढं काय त्यात."

मी रिकामं सोडलं आणि बटण दाबलं. पीडीएफ निघाली नाही. पडद्यावर लाल ओळ आली. मी शेठला सांगितलं, की बागेच्या नावाशिवाय हे ॲप कार्ड काढत नाही.

शेठ हसला. तुमच्या ॲपचे किस्से ऐकलेत मी, म्हणाला, तेवढा एक बिघाड दुरुस्त करून टाका.

दुरुस्ती एका ओळीची आहे. ॲपमधली ती ओळ काढली की कुणाचंही, कशाचंही कार्ड निघेल.

"शेठ," मी म्हटलं, "बाकीचे सगळे बिघाड माझ्या हातून चुकून झाले. हा मी मुद्दाम केलाय."